शाळा चालविणाऱ्यांचे शिक्षण
(विश्वस्त व शाळा समिती सदस्यांच्या तयारीचा ऐतिहासिक आढावा)

जैन परंपरेत आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचा वारसा समाजाने मोठ्या निष्ठेने जपला. ग्रंथभांडारे उभारली, पाठशाळा चालविल्या, वसतिगृहे बांधली आणि गेल्या शतकात आधुनिक शाळा-महाविद्यालयांना सढळ हाताने साहाय्य केले. शाळेची इमारत कोणी बांधून दिली, हे कोनशिलेवर कोरलेले असते. शाळेत कोणी शिकविले, हे विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहते. परंतु शाळा कोणी चालविली आणि ती चालविण्याची विद्या त्यांनी कोठून मिळविली, याची नोंद सहसा कोठेच सापडत नाही.

शिक्षकाला वर्गावर उभे राहण्यापूर्वी पदविका अथवा पदवी घ्यावी लागते. मुख्याध्यापकासाठी अध्यापनाच्या अनुभवाची अट असते. मात्र या सर्वांवर देखरेख ठेवणारे विश्वस्त, शाळा समितीचे सदस्य आणि व्यवस्थापन समितीतील पालक यांना कोणत्याही पूर्वतयारीवाचून पद प्राप्त होते. व्यापारी कुटुंबांत असे कधी घडत नाही. कापडाच्या दुकानात घरचाच मुलगा आला तरी तो पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसत नाही. आधी तो थानांच्या घड्या घालतो, मग मीटर धरतो, त्यानंतर रोजमेळ लिहितो, खतावणी समजून घेतो आणि पुष्कळ काळानंतर त्याच्या हाती किल्ल्या येतात. दुकानाच्या बाबतीत एवढी सावधगिरी बाळगणारा समाज शाळेच्या किल्ल्या मात्र दानशूरपणा व प्रतिष्ठा पाहून सोपवितो. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा विषय इतिहासाच्या प्रकाशात पाहणे औचित्याचे ठरेल.

पेढीची शिस्त

सार्वजनिक द्रव्याचा कारभार कसा करावा, याचे संस्कार जैन समाजाला नवीन नाहीत. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण द्रव्य, जीवदया अशी निरनिराळी खाती ठेवणे आणि एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्यात न वळविणे, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. अहमदाबादच्या आणंदजी कल्याणजी पेढीने १८८० साली आपल्या कारभाराची नियमावली तयार केली आणि गावोगावच्या संघांच्या प्रतिनिधींना त्यात स्थान दिले. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा येण्याच्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मात्र पेढीची शिस्त ही मुख्यतः द्रव्याची शिस्त होती. शाळेत द्रव्याबरोबर माणसे असतात, आणि त्यांतली बहुसंख्य माणसे लहान असतात. हिशेब चोख असूनही शाळा निकृष्ट असू शकते. म्हणून हिशेबाच्या विद्येला शिक्षणाच्या जाणकारीची जोड आवश्यक होती. ती जोड कशी मिळाली व कोठे मिळाली नाही, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

सरकारी मंडळांचा अनुभव

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील आणखी एक तक्रार मात्र फारशी सांगितली जात नाही. प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी व सदोष आहे, अधिकाऱ्याच्या वर्षातून एखाद्या भेटीने काही साधत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले होते. शाळा उघडणे आणि शाळा नीट चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्यांना त्या काळी होती.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची शिफारस केली. १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. त्या वेळी शहादे परिसर अखंड खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि हा भाग पश्चिम खानदेशात, म्हणजेच पुढच्या धुळे जिल्ह्यात आला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. परंतु लोकप्रतिनिधींच्या हाती शिक्षण द्यावे, हा विचार त्यानंतर मागे पडला नाही.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने हा विचार प्रत्यक्षात आणला. प्राथमिक शाळांचे नियंत्रण स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे गेले. लोकांच्या शाळा लोकांनी चालवाव्यात, हे तत्त्व उदात्त होते. परंतु निवडून आलेल्या सदस्यांना शाळा मंडळाचे काम कोणी शिकविले नाही. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या म्हणजेच आपले काम, असा समज अनेक ठिकाणी झाला. मर्जीतल्या शिक्षकाला सोयीचे गाव आणि गैरमर्जीतल्याला आडवळणाचे, अशा तक्रारी वाढल्या. अखेर १९३८ च्या दुरुस्तीने मंडळांचे अधिकार आटोक्यात आणले गेले आणि प्रशासन अधिकारी सरकारच्या नियंत्रणाखाली आला. पुढे १९४७ चा नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समित्यांकडे गेल्या.

या पंधरा वर्षांच्या अनुभवातून राज्यकर्त्यांनी सदस्यांचे अधिकार कमी करण्याचा मार्ग निवडला. सदस्यांना शहाणे करण्याचा मार्ग त्यांना सुचला नाही. अधिकार देणे, गैरवापर झाला की काढून घेणे आणि काही काळाने पुन्हा देणे, असा हा फेरा पुढेही चालू राहिला.

कामातून घडलेले कारभारी

खाजगी संस्थांच्या क्षेत्रात निराळे प्रयोग झाले. पुण्यात १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्या वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेने आजीव सभासदांची पद्धत आणली. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेले शिक्षक हेच संस्थेचे कारभारी झाले. जो शिकवितो तोच चालवितो, अशी ही रचना होती.

या रचनेतही मतभेद टळले नाहीत. आजीव सभासदाने बाहेरची कामे व बाहेरची प्राप्ती स्वीकारावी की नाही, या प्रश्नावर तीव्र वाद होऊन १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. एवढ्या थोर माणसांतही वाद झाला, तर इतरांचे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. परंतु दुसरीही बाजू ध्यानात घ्यावी लागते. टिळकांसारखा संस्थापक बाहेर पडल्यानंतरही संस्था मोडली नाही. कारण तिचे नियम लिहिलेले होते आणि ते नियम ठाऊक असलेली माणसे तिच्यात पुष्कळ होती. व्यक्ती गेली तरी व्यवस्था टिकते, ती अशा जाणत्या माणसांमुळे.

हाच धागा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खेड्यापर्यंत नेला. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. स्वावलंबनाच्या या प्रयोगाची सर्वत्र वाखाणणी झाली. त्याची दुसरी फलश्रुती तितकीच मोलाची आहे. धान्य मोजणे, स्वयंपाकाचा हिशेब ठेवणे, कामाच्या पाळ्या लावणे, ही कामे मुले स्वतः करीत. म्हणजेच संस्था कशी चालते, हे विद्यार्थी बालपणीच शिकत होते.

रयत शिक्षण संस्थेच्या घटनेत आजीव सदस्य व आजीव सेवक यांना कारभारात मानाचे स्थान मिळाले. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शाहू बोर्डिंगमध्ये विद्यार्थी म्हणून आलेला हा तरुण पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेतच रुजू झाला, संस्थेचा सचिव झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९५९ मध्ये कर्मवीर निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे केवळ इमारती राहिल्या नव्हत्या. कारभार पाहू शकणारी एक पिढी तयार होती.

जैन संस्थांचा वारसा

जैन समाजाच्या शैक्षणिक चळवळीतही असे प्रयत्न आढळतात. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ठिकठिकाणच्या जैन बोर्डिंगांना उदार आश्रय दिला. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुल सुरू झाले. या दोन्ही कार्यांमागे पुढे समंतभद्र महाराज या नावाने वंदनीय ठरलेल्या विभूतीची तपश्चर्या होती. खानदेशाच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे १९२८ मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची मुहूर्तमेढ रोवली गेली. आज तेथे अनेक विद्याशाखांचे मोठे संकुल उभे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद परिसरात भीषण भूकंप झाला. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. त्यातून वाघोलीचे शैक्षणिक संकुल आकारास आले. संकटकाळी मदत देऊन परतणे तुलनेने सोपे असते. मुले मोठी होईपर्यंत त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड असते. पुढे याच संघटनेने जैन संस्थांच्या शाळांना एकत्र आणण्यासाठी फेडरेशन ऑफ जैन एज्युकेशनल इन्स्टिट्यूट्स हा मंच उभा केला आणि २००९ पासून मूल्यवर्धन हा उपक्रम बीड जिल्ह्यातील शाळांत सुरू केला.

खानदेशात अमळनेरचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांचे औदार्य आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीचे कार्य यांच्या संगमातून मोठी शैक्षणिक परंपरा निर्माण झाली. प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अध्यापन केले. त्यांच्याच नावाने शहादे येथे पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ उभे राहिले. सहकारमहर्षी पी. के. अण्णा पाटील यांनी सातपुडा कारखान्याबरोबर या मंडळाचीही जोपासना केली आणि तालुक्यातील शेतकरी व आदिवासी कुटुंबांतील मुलांना घराजवळ शिक्षणाची सोय झाली.

या सर्व संस्थांत एक साम्य दिसते. ज्या संस्थांत दात्याच्या जोडीला कारभार जाणणारे कार्यकर्ते होते आणि त्या कार्यकर्त्यांनी पुढची फळी घडविली, त्या संस्था संस्थापकांच्या पश्चात वाढल्या. जेथे केवळ औदार्य होते, तेथे दात्याबरोबर संस्थेचाही उतार सुरू झाला.

कायद्याने वाढविलेली जबाबदारी

स्वातंत्र्यानंतर शाळा चालविण्याचे काम कायद्याच्या चौकटीत आले. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी बंधनकारक केली. २०१२ मध्ये या कायद्याचे नाव बदलून ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम असे झाले. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करणे, दरवर्षी हिशेबतपासणी करून घेणे, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेणे, ही त्यांतील प्रमुख कर्तव्ये होत. बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची असली तरी परवानगी लागते. ही गोष्ट पुष्कळ सज्जन विश्वस्तांना करार झाल्यानंतर समजते.

बदल अर्ज हा कागद दिसावयास क्षुल्लक असतो. तो वेळेवर दाखल झाला नाही, की काही वर्षांनी दोन गट उभे राहतात आणि खरे विश्वस्त कोण, हाच वाद सुरू होतो. वाद चालू असेपर्यंत अधिकृत स्वाक्षरी कोणाची, हा प्रश्न बँकेपुढे व शिक्षण खात्यापुढे उभा राहतो. शिक्षकांची रिक्त पदे भरली जात नाहीत, दुरुस्तीची कामे खोळंबतात. वादाची झळ वर्गात बसलेल्या मुलाला लागते. त्याचे सातवीचे किंवा दहावीचे वर्ष मात्र कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आला आणि त्याखालील नियमावली १९८१ मध्ये अमलात आली. तोपर्यंत अनेक ठिकाणी शिक्षकाची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. या कायद्याने शिक्षकांना संरक्षण दिले. परिविक्षाधीन काळ दोन वर्षांचा ठरला. ज्येष्ठता यादी ठेवणे आवश्यक झाले. स्थायी कर्मचाऱ्यास काढावयाचे असल्यास लेखी दोषारोप, तीन सदस्यांची चौकशी समिती आणि बचावाची पुरेशी संधी देणे बंधनकारक झाले. त्या समितीत कर्मचाऱ्याने सुचविलेला एक सदस्य असतो. अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करण्याचा अधिकार कर्मचाऱ्यास मिळाला.

हे नियम ठाऊक नसल्याने पुष्कळ व्यवस्थापने अडचणीत आली. शिक्षकाचा दोष खरा असूनही चौकशीची पायरी चुकली, की न्यायाधिकरण त्याला थकीत वेतनासह परत घेण्याचा आदेश देऊ शकते. याउलट, निर्दोष शिक्षकाला रागाच्या भरात काढले गेले तर एका कुटुंबाचे अन्न तुटते आणि ट्रस्टच्या नावाला कलंक लागतो. अहिंसेचे व्रत मिरविणाऱ्या समाजाने या दुसऱ्या हानीचा विचार अधिक गांभीर्याने करावयास हवा.

२७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. या अधिकाराचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो. संस्था चालविण्याच्या अधिकारात संस्था वाईट रीतीने चालविण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. अधिकार जितका मोठा, तितके तो वापरण्याचे ज्ञानही अधिक लागते.

गावापर्यंत आलेला अधिकार

सरकारी शाळांच्या बाबतीत १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लोकसहभागाचा विचार पुन्हा पुढे आणला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातील बीड, जालना, गडचिरोली यांच्यासह धुळे जिल्ह्याचा समावेश झाला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा सर्व प्रदेश त्याच जिल्ह्यात होता. त्यामुळे ग्रामशिक्षण समिती, तिची बैठक आणि तिच्या सदस्यांचे प्रशिक्षण हे शब्द येथील गावांना त्या काळात परिचित झाले. २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानाने समिती सदस्यांच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी तरतूद केली. शाळा चालविणाऱ्या सामान्य नागरिकाला शिकविले पाहिजे, ही गोष्ट अशा रीतीने सरकारी अंदाजपत्रकात आली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरले. १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात या समित्यांची रचना निश्चित झाली. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे, ही कामे समितीकडे आली. अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत या समितीची भूमिका केवळ सल्ला देण्याची राहील, अशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. म्हणजे अशा शाळांत अंतिम उत्तरदायित्व ट्रस्टकडेच राहिले.

शहादे तालुक्यातील कळसाडीसारख्या गावात या तरतुदीचा अर्थ काय होतो, याचा विचार करणे उद्बोधक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरता ६४.४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. राज्याची सरासरी त्या वेळी ८२.३ टक्के होती. घरी भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजर बोली बोलणारी, दिवसभर शेतात राबणारी माता समितीची सदस्य होते. तिच्यापुढे प्रमाण मराठीतील परिपत्रक, खर्चाची पावती व ठरावाचे पुस्तक ठेवले जाते. आपला मुलगा दुसरीत असूनही त्याला अक्षर ओळखत नाही, हे तिला ठाऊक असते. परंतु तो प्रश्न बैठकीत कसा विचारावा, तो इतिवृत्तात कसा लिहून घ्यावा, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती अंगठा उमटविते अथवा सही करते आणि बैठक संपते. कायद्याने तिला खुर्ची दिली. त्या खुर्चीवरून बोलण्याचे बळ प्रशिक्षणानेच येऊ शकते.

इंग्लंडचा धडा

हा प्रश्न केवळ या देशापुरता मर्यादित नाही. ज्या इंग्लंडकडून शाळा मंडळांची कल्पना येथे आली, तेथेही शाळांचे नियामक सदस्य दीर्घकाळ नाममात्र होते. १९७७ साली टेलर समितीने आपला अहवाल सादर केला. शाळेच्या नियामक मंडळात पालक, शिक्षक, स्थानिक प्रशासन व समाज यांना समान स्थान असावे आणि सर्व सदस्यांना प्रशिक्षण मिळावे, असे तिने सुचविले. १९८६ च्या शिक्षण कायद्याने सदस्यांना विनामूल्य प्रशिक्षण उपलब्ध करून देणे स्थानिक शिक्षण प्रशासनावर बंधनकारक केले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८८ च्या कायद्याने शाळेच्या पैशाचे व नेमणुकांचे मोठे अधिकार त्यांच्याकडे आले. प्रशिक्षणाची तरतूद आधी आणि अधिकारांचा विस्तार नंतर, हा क्रम लक्षणीय आहे. मुंबई इलाख्यात १९२३ साली नेमके याच क्रमाचे भान राहिले नव्हते.

काय शिकावयाचे?

इतिहासाच्या या आढाव्यातून सदस्याच्या शिक्षणाचे चार विषय स्पष्ट होतात. पहिला विषय हिशेबाचा. व्यापारी समाजाला तो अवघड नाही. मात्र दुकानाचा नफा-तोटा आणि शाळेचा जमाखर्च यांतील भेद ओळखावा लागतो. शाळेच्या ताळेबंदात शिल्लक मोठी आणि प्रयोगशाळा रिकामी असेल, तर त्या शिलकेचे कौतुक करण्यासारखे काही नाही. दुसरा विषय कायद्याचा. प्रत्येक सदस्याने वकील होण्याची आवश्यकता नाही. कोणत्या कामास परवानगी लागते, कोणत्या कामास मुदत असते आणि कोठे थांबून विचारावे, एवढे समजले तरी बहुतेक अनर्थ टळतात.

तिसरा विषय मर्यादेचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. सदस्याने धोरण ठरवावे, साधने पुरवावीत, प्रश्न विचारावेत आणि दैनंदिन कारभार मुख्याध्यापकाकडे सोपवावा. मुख्याध्यापकाला वगळून शिक्षकाला परस्पर सूचना देणे, प्रवेशासाठी शब्द टाकणे, नातलगाची वर्णी लावणे, हे सर्व १९२३ नंतरच्या मंडळांत घडले होते आणि त्याचा परिणाम नोंदलेला आहे. चौथा विषय मुलांच्या प्रगतीचा. पटावर किती मुले आहेत, त्यांतील किती रोज येतात, मुली कोणत्या इयत्तेनंतर शाळा सोडतात, ऊसतोडीच्या हंगामात किती मुले स्थलांतर करतात आणि तिसरीच्या मुलाला वाचता येते काय, हे प्रश्न प्रत्येक बैठकीत यावयास हवेत. रंगरंगोटी व स्नेहसंमेलन यांच्या चर्चेत बैठकीचा सर्व वेळ जात असेल, तर शाळेचे मुख्य काम विषयपत्रिकेबाहेर राहिले असे समजावे.

या शिक्षणासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नवा सदस्य एक वर्ष निमंत्रित म्हणून बैठकांना बसला, त्याने ट्रस्टची घटना, मागील तीन वर्षांची इतिवृत्ते व हिशेबपत्रके वाचली, एक दिवस शाळेत मुलांबरोबर काढला आणि वर्षातून एकदा जाणकारांचे व्याख्यान ऐकले, तरी पुष्कळ साध्य होते. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, घरोघरी ग्रंथांची पूजा होते. त्याच दिवशी विश्वस्त व समिती सदस्यांनी नियमांचे पुस्तक उघडून एकत्र वाचण्याचा प्रघात पाडला, तर ती पूजा अधिक फलदायी होईल. गावातील जिल्हा परिषद शाळेच्या समितीतील माता-पित्यांनाही या वाचनास सन्मानाने बोलवावे. त्यांच्या बोलीत समजावून सांगणारा एखादा तरुण शिक्षक सोबत असावा. ज्ञानदानात स्वपरभेद नसतो, ही शिकवण समाजाला नव्याने सांगावी लागू नये.

उपसंहार

जैन दर्शनाने सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र ही रत्नत्रयी मोक्षमार्गासाठी सांगितली. लौकिक सेवाकार्यालाही ती मार्गदर्शक ठरते. संस्थांच्या इतिहासात श्रद्धा व सद्भाव यांची वाण कधीच नव्हती. उणीव राहिली ती ज्ञानाची, आणि ज्ञानावाचून आचरण भरकटले. १८८२ पासून आजतागायत शाळांसाठी आयोग झाले, कायदे झाले, समित्या झाल्या. शिक्षकाची तयारी कशी करावी, यावर ग्रंथ लिहिले गेले. शाळा चालविणाऱ्याची तयारी मात्र बहुतांशी दैवावर सोडली गेली. जेथे ती सोडली गेली नाही, तेथे रयतसारखे वटवृक्ष उभे राहिले.

ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, ती पूर्वसूरींच्या त्यागामुळे. त्यांतील अनेकांनी चुकतमाकत, स्वतःची पदरमोड करून कारभार शिकून घेतला. त्या शिकण्याची लेखी नोंद करून ती पुढच्या फळीच्या हाती देणे, हे या सुवर्णमहोत्सवाचे खरे कर्तव्य आहे. शतकमहोत्सवी वर्षात जे विश्वस्त असतील, ते आज कदाचित पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असतील. त्यांच्या हाती किल्ल्यांबरोबर ती वापरण्याची विद्याही जावी, हीच श्री जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.